आमचे गजारोहण

बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं बसल्यावर मनुष्यस्वभावाबद्दल माणसाला जे ज्ञान होतं ते फार थोडं असतं. पण पक्कं असतं. त्यातलं पहिलं कलम असं : जो माणूस ‘आत्ताच्या आत्ता माझं खातं बंद करा!’ असं ओरडतो, तो खातं बंद करत नाही.

खातं खरोखर बंद करणारा माणूस वेगळा असतो. तो गुपचूप येतो, फॉर्म मागतो, पेन मागतो, शिल्लक चारशे बारा रुपये मोजून घेतो, पेन परत करतो किंवा करत नाही, आणि जातो. ओरडणारा मात्र मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन चहा पितो आणि जाता जाता नव्या चेकबुकासाठी अर्ज देऊन जातो. आमच्या शाखेतले एक पेन्शनर गृहस्थ गेली अकरा वर्षं दर महिन्याच्या एक तारखेला खातं बंद करतात. एखाद्या महिन्यात ते आले नाहीत तर आम्हांलाच चुकल्याचुकल्यासारखं होतं.

हे सगळं सांगायचं कारण, आमचा भाचा.

भाचा पुण्याला असतो आणि कॉम्प्युटरमधलं काहीतरी करतो. काय करतो ते त्याने मला तीन वेळा समजावून सांगितलं आणि मी तिन्ही वेळा ‘अच्छा, अच्छा’ म्हणालो. मुलगा गुणी आहे. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. पण डोक्यात एक व्रत घेतलंय. जगातल्या झाडून सगळ्या माणसांनी मोठमोठ्या कंपन्यांची समाजमाध्यमं सोडावीत आणि ‘विकेंद्रित’ माध्यमांवर राहायला यावं! पूर्वी ज्या तळमळीने लोक ‘खादी वापरा’, ‘दारू सोडा’, ‘विमा उतरवा’ असं सांगत घरोघर हिंडत, त्याच तळमळीने हा हिंडतो. विमा एजंटाला निदान कमिशन असतं. याला तेही नाही. ज्याला कमिशन मिळत नाही अशा माणसाला दारातून परत पाठवणं महाकठीण.

तर २०२३ च्या श्रावणातल्या एका रविवारी तो आमच्याकडे ठाण्याला आला. सौ.ने पोहे पुढे ठेवले. त्याने दोन घास खाल्ले आणि माझ्या हातातला मोबाइल पाहून सुस्कारा टाकला.

“मामा, एक सांगू? तू तिथला ग्राहक नाहीयेस. तू तिथला माल आहेस.”

मी समोरच्या आरशात पाहिलं. पंचेचाळिशी उलटलेली, पोट सुटलेलं, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. हा माल कुणी घेईल असं काही मला वाटेना.

“घेतलाय एकदा,” स्वयंपाकघरातून आवाज आला, “बदलून मिळत नाही.”

पण भाचा बधणारा नव्हता. माझं लक्ष म्हणजे काय, ते कसं विकलं जातं, मी कुठल्या जाहिरातीपाशी किती वेळ रेंगाळलो याची नोंद कशी होते, हे सगळं त्याने ऐकवलं. मग म्हणाला, “ट्विटरचंच बघ. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका माणसाने चार हजार चारशे कोटी डॉलर टाकून सगळंच्या सगळं विकत घेतलं. हजारो माणसं कामावरून काढली. जुलै २०२३ मध्ये नाव बदलून ‘एक्स’ केलं. लोकांना कुणी विचारलं?”

यात मात्र तथ्य होतं. आमच्याकडे चाळीचा मालक बदलला तर भाडेकरूंना निदान नोटीस येते. इथे मालक बदलला, पाटी बदलली, पाटीवरची चिमणीसुद्धा उडाली, आणि भाडेकरू आपले गॅलरीत उभे राहून आधीच्यासारखेच भांडतायत!

“मग करायचं काय?” मी विचारलं. प्रचारकाला हा प्रश्न कधी विचारू नये. पोहे गार होतात.

त्याने हत्ती काढला. म्हणजे मॅस्टोडॉन. मॅस्टोडॉन हा हत्तीचाच एक भाऊबंद. हजारो वर्षांपूर्वी नामशेष झाला. ऑयगेन रोचको नावाच्या एका जर्मन तरुणाने २०१६ साली समाजमाध्यमाची एक नवी व्यवस्था तयार केली आणि तिला या जनावराचं नाव दिलं. ज्याची जातच बुडाली त्याचं नाव नव्या धंद्याला देणारा माणूस फारसा व्यवहारी नसावा, हे मी कॉमर्सचा पदवीधर या नात्याने तिथल्या तिथे ओळखलं. भाचा म्हणाला, हा धंदा नाहीच, तीच तर गंमत आहे! याला एक मालक नाही. हजारो लहानमोठे सर्व्हर. कुणी हौसेने चालवतो, कुणी संस्था चालवते. तुम्ही कुठेही खातं उघडा, दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाशी बोलता येतं.

“म्हणजे कसं?”

“ई-मेलसारखं. तुझा मेल एका कंपनीचा, माझा दुसरीचा. तरी पत्र पोचतं की नाही?”

आणि माझ्या डोक्यात एकदम ट्यूब पेटली. “अरे, मग क्लिअरिंग म्हण की!”

मी नोकरीला लागलो तेव्हा एका तालुक्याच्या गावी होतो. तिथे रोज सकाळी गावातल्या सगळ्या बँकांचे कारकून एका मोठ्या बँकेच्या शाखेत टेबलाभोवती जमायचे. प्रत्येकाच्या हातात चेकांचे गठ्ठे. तुमच्यावरचे तुम्ही घ्या, आमच्यावरचे आम्हांला द्या, बेरजा जुळवा, चहा प्या, चला. आता चेक हिंडत नाहीत, त्यांची नुसती चित्रं पाठवतात. टेबल गेलं आणि चहाही गेला. पण तत्त्व तेच आहे. शेतकऱ्याचं खातं सहकारी बँकेत आणि व्यापाऱ्याचं सरकारी बँकेत, म्हणून काही चेक वटायचा राहत नाही. या सर्व्हरांच्या क्लिअरिंगचेही नियम आहेत. त्यांना ‘ॲक्टिव्हिटीपब’ म्हणतात आणि वर्ल्ड वाइड वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलेलं आहे.

“आणि त्या मोठ्या कंपन्यांत?”

“तिथे क्लिअरिंगच नाही, मामा. त्यांच्याकडे खातं असेल तरच त्यांच्या माणसांशी बोलायचं. खातं बंद केलंस, की माणसं आत आणि तू बाहेर.”

बँकवाल्याला हे ऐकून घेरी यायची बाकी राहते. उद्या एखाद्या बँकेने जाहीर केलं, की आमच्या खातेदाराला पैसे द्यायचे तर तुम्हीही आमच्याचकडे खातं काढा, तर रिझर्व्ह बँक तिला दुपारचं जेवण तरी गिळू देईल का? त्या रविवारी मी हत्तीवर बसायचं कबूल केलं.

बसणं सोपं नव्हतं. आधी सर्व्हर निवडायचा. भाषेप्रमाणे सर्व्हर, गावाप्रमाणे सर्व्हर, शास्त्रज्ञांचे, चित्रकारांचे, नुसत्या मांजरप्रेमींचे. ‘कुठलाही निवड, काही फरक पडत नाही,’ असं भाचा म्हणे आणि मी एखाद्यावर बोट ठेवलं की ‘तो नको!’ असंही म्हणे. अखेर संध्याकाळी साडेसहाला एक सर्व्हर ठरला. माझ्या नावाच्या आधी एक ‘ॲट’ आणि मध्ये एक ‘ॲट’, असा दोन्हीकडून शेपट्या असलेला पत्ता तयार झाला. लिहायला अक्षरं पाचशे. तिथल्या संदेशाला पूर्वी ‘टूट’ म्हणत, म्हणजे हत्तीचा चीत्कार. मी पहिला चीत्कार केला : ‘नमस्कार. कोणी आहे का?’

कोणी नव्हतं.

तिथे तुमच्यापुढे कुणी काही ढकलत नाही. तुम्ही ज्यांना निवडाल त्यांचंच लेखन, लिहिलं त्या क्रमाने, समोर येतं. भाच्याच्या मते हे त्या माध्यमाचं सर्वांत मोठं वैभव. खरंच आहे. फक्त ज्याच्या ओळखीचं तिथे कुणीच नाही, त्याला हे वैभव रिकाम्या मंगल कार्यालयासारखं दिसतं. मी आपला मुंडावळ्या बांधून बसलोय, वऱ्हाड नाही, भटजी नाही. वीज मात्र आहे.

गणेश चतुर्थीला मी मोदकांचा फोटो टाकला. तासाभरात एका जर्मन गृहस्थांचं इंग्रजीतून उत्तर आलं. मी हरखलो. त्यांनी अतिशय सभ्यपणे लिहिलं होतं, की फोटोखाली त्याचं वर्णन लिहावं. अंध मंडळींचा संगणक ते वर्णन त्यांना वाचून दाखवतो. वर्णन नसेल तर त्यांच्या वाट्याला काहीच येत नाही. पाठोपाठ दुसऱ्या एकाने सुचवलं, की खाद्यपदार्थांचे फोटो पडद्याआड ठेवायची आमच्याकडे रीत आहे, कुणाकुणाला त्रास होतो. बाप्पाच्या नैवेद्यावर पडदा! मला भयंकर राग आला. मी वर्णनाच्या चौकटीत लिहिलं : ‘मोदक. पांढरे. नग ११.’ जर्मन गृहस्थांनी मनापासून आभार मानले.

यानंतर महिनाभर मी हत्तीकडे फिरकलो नाही. तो एरवीही नामशेषच होता.

पण भाच्याचा प्रचार चालूच होता आणि आता मी त्याच्याकडे जरा समीक्षकाच्या नजरेने पाहू लागलो. नाटकाची समीक्षा होते, गाण्याची होते, मग प्रचाराची का होऊ नये? या प्रचाराचे तीन अंक असतात. पहिला अंक भीतीचा : तुमच्यावर पाळत आहे! दुसरा लाजेचा : तुमच्यासारखी शिकली-सवरलेली माणसं अजून तिथेच कशी? तिसरा अंक तांत्रिक. त्यात प्रेक्षक उठून बटाटेवडा खायला जातात. आणि तिन्ही अंकांत मिळून एका प्रश्नाचं उत्तर येत नाही. माझी सौ. पहिल्याच दिवशी तो प्रश्न विचारून मोकळी झाली होती : “तिथे आपलं कोण आहे?”

भाचा यावर म्हणाला होता, “तुम्ही आलात की असेल.” कोंबडी आधी की अंडं आधी, एवढंच त्याने विचारायचं ठेवलं.

शिवाय अशा यात्रा काही पहिल्यांदा निघालेल्या नाहीत. ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद करण्यात आलं. निमित्त होतं एका जुन्या जर्मन छायाचित्राचं. हात उंचावून नाझी सलाम करणारी सगळी गर्दी आणि तिच्यात हाताची घडी घालून उभा असलेला एकच माणूस. त्यावर संतापून आपल्याकडचे पुष्कळ लोक हत्तीवर गेले. भाचाही गेला, तेव्हा तो कॉलेजात होता. थोड्या दिवसांत बहुतेकजण परत आले. भाचाही आला. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नव्या धोरणाची सूचना पाठवली, तेव्हा आमचं अख्खं कुटुंब सिग्नलवर गेलं. संक्रांतीचा तिळगूळ तिकडे वाटला आणि रथसप्तमीच्या शुभेच्छा पुन्हा व्हॉट्सॲपवर आल्या. ट्विटर विकलं गेल्यावर, ऑक्टोबर ते नोव्हेंबर २०२२ या एका महिन्यात, मॅस्टोडॉनवर वावरणारे लोक महिन्याला सुमारे तीन लाखांवरून पंचवीस लाखांवर गेले. त्यांतलेही पुष्कळजण पुढच्या काही महिन्यांत पांगले. नोव्हेंबर २०२४ मध्ये अशीच एक लाट ‘ब्लूस्काय’कडे गेली आणि तिथली खाती दोन कोटींच्या वर पोचली. तेही तत्त्वाने विकेंद्रितच. पण आलेली बहुतेक मंडळी उतरली ती एकाच कंपनीच्या मोठ्या वाड्यात!

आणि हत्तीवरच्या मंडळींचीही तऱ्हा न्यारी. २०२३ साली फेसबुकवाल्यांच्या कंपनीने ‘थ्रेड्स’ काढलं आणि आम्हीही तुमच्या क्लिअरिंगला येतो म्हणाले. तर कित्येक छोट्या सर्व्हरांनी आधीच दाराला कड्या लावल्या. बड्या बँकेचा चेक पतपेढीने नाकारावा तसं. त्यांना कारणं होती. मोठा मासा पाण्यात आला की छोट्यांनी घाबरायचं असतंच. पण इतकी वर्षं ‘या, या’ म्हणणाऱ्या यजमानांनी पाहुणे फाटकाशी आल्यावर कुत्रं सोडावं, हे पाहून माझ्यासारख्याचा जरा गोंधळ होतो.

आता सगळ्यात मोठी गंमत. भाच्याने ‘मी हे माध्यम कायमचं सोडत आहे, तुम्हीही सोडा’ असं आवाहन लिहिलं होतं ते कुठे? त्या जुन्याच माध्यमावर! त्याला किती पसंत्या मिळाल्या ते पाहायला तो दिवसातून चारदा तिथे जात होता. मी त्याला आमच्या पेन्शनर गृहस्थांची गोष्ट सांगितली. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

इथपर्यंतचं सगळं मी चेष्टेवारी नेलं असतं. पण मध्ये अण्णा आले.

अण्णा म्हणजे माझे वडील. सांगलीला पोस्टात होते. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाटली, स्वतः कधी चार ओळींपेक्षा जास्त लिहिलं नाही. निवृत्तीनंतर आमच्याकडे आले आणि सत्तराव्या वर्षी मोबाइल शिकले. एका बलाढ्य समाजमाध्यमावर मी त्यांना खातं उघडून दिलं. दर गुरुवारी ते एक आठवण लिहीत. कृष्णेच्या पुराची, सायकलवरच्या तारवाल्याची, मनीऑर्डरची वाट पाहत पोस्टाच्या पायरीवर बसणाऱ्या म्हातारीची. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत. तशी दोनशेच्या वर गुरुवारं झाली. २०२० च्या डिसेंबरात अण्णा गेले. आम्ही खातं तसंच ठेवलं. कधी वाईट दिवस असला की मी लोकलमध्ये बसून एखादा गुरुवार वाचत असे.

२०२४ साली एका सकाळी माझ्या बहिणीचा फोन आला. “अरे, अण्णा गॉगल विकतायत.”

कुणीतरी खातं पळवलं होतं. धोतर-टोपीतल्या अण्णांच्या फोटोखाली ‘फक्त आज, ऐंशी टक्के सूट’! नातेवाइकांचे फोनावर फोन. एका चुलतभावाने तर दोन जोड मागवलेही. मी तक्रार केली. कुणाकडे केली ते मला अजून कळलेलं नाही. एक चौकट आली, तिच्यात कारण निवडायचं होतं. माझं कारण यादीत नव्हतं. मी त्यातल्या त्यात जवळचं निवडलं. आठ दिवसांनी चार ओळींचं उत्तर आलं, की नियमभंगामुळे सदर खातं काढून टाकण्यात आलं आहे. गॉगल गेले. गुरुवारंही गेली.

मी पुन्हा लिहिलं. मृत्यूचा दाखला जोडला. पुन्हा त्याच चार ओळी आल्या. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा उत्तरच आलं नाही.

मी स्वतः बँकेत आहे, तेव्हा हे कबूल करायला हवं, की आम्हीही काही धर्मात्मे नाही. मयत खातेदाराच्या वारसांना मीही फेऱ्या घालायला लावल्या आहेत. सही जुळत नाही, साक्षीदार दुसरा आणा, प्रत साक्षांकित करून आणा. पण ते माझ्यावर ओरडू शकतात. ओरडायला समोर मी असतो. अण्णांच्या बचत खात्यात सहाशे रुपये होते. त्यांना नॉमिनी होता, फॉर्म होता, पावती होती. कुणीच मागायला आलं नसतं, तरी दहा वर्षांनी ते रुपये रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत गेले असते आणि त्यानंतरही वारसाला मागता आले असते. रुपया बेवारस होतो, पण मरत नाही. सहाशे रुपयांसाठी एवढा कायदा आहे. दोनशे गुरुवारांसाठी काउंटरसुद्धा नाही.

त्या रात्री मी भाच्याला फोन केला. वाटलं, हा आता म्हणणार, ‘बघ, मी सांगत नव्हतो?’ तो तसं म्हणाला नाही.

मी विचारलं, “खरं सांग. तुझ्या हत्तीवर असतं, तर राहिलं असतं का रे?”

बराच वेळ फोनवर काही ऐकू आलं नाही. मग म्हणाला, “नसतंही राहिलं, मामा. सर्व्हर चालवणारा माणूस थकतो, पैसे संपतात, तो बंद करतो. तसे बरेच बंद झालेत. आणि एका सर्व्हरवरून दुसरीकडे जाताना तुझे अनुयायी बरोबर नेता येतात. जुनं लेखन नाही नेता येत.”

“म्हणजे नॉमिनी येतो आणि पासबुक मागे राहतं.”

“हो. पण बंद करताना बहुधा तो आधी सांगतो. आणि विचारायला माणूस असतो.”

दोन वर्षांच्या प्रचारात मला पटलेलं हे त्याचं पहिलं वाक्य. का पटलं, याचा विचार केला तेव्हा लक्षात आलं, की त्याने त्या दिवशी पहिल्यांदाच नावेची बाजूसुद्धा लिहिली होती. नुसती जमेची बाजू लिहिणाऱ्याचा ताळेबंद आम्ही तपासतसुद्धा नाही, तसाच परत पाठवतो.

तेव्हापासून मी त्याच्या बाजूचा झालो. त्याच्या प्रचाराच्या मात्र नाही. माझं म्हणणं एवढंच, की तू चुकीच्या काउंटरवर उभा आहेस. माणसाला ‘घर सोड’ म्हणून सांगू नये. तो मालकासाठी तिथे राहतच नाही, तो शेजारासाठी राहतो. मालक कसा आहे हे त्याला तुझ्याइतकंच ठाऊक असतं. जानेवारी २०११ मध्ये आपल्याकडे देशभर, नंबर तोच ठेवून मोबाइल कंपनी बदलायची सोय झाली. त्याआधी लोक कंपनीला शिव्या देत तिथेच राहायचे, कारण नंबर लग्नपत्रिकेपासून रेशनकार्डाच्या अर्जापर्यंत सगळीकडे गेलेला. सोय झाल्यावर कुणाला व्याख्यान द्यावं लागलं नाही. २०१६ साली यूपीआय आलं. आमच्या दूधवाल्याला त्याचं तत्त्वज्ञान कुणी सांगितलं नव्हतं. कुठल्याही बँकेतून पैसे येतात एवढं त्याला कळलं आणि त्याने किटलीवर तो चौकोन चिकटवला. भाचा म्हणतो, त्याच्या मध्यभागी एक संस्था बसलेली आहे, त्याला विकेंद्रित म्हणता येणार नाही. नसेना का! भिंतीला दार तर पडलं. युरोपात २०२२ साली तसाच एक कायदा झाला. मोठ्या संदेशसेवांनी, छोट्या सेवांनी मागितलं तर, आपलं दार त्यांच्यासाठी उघडलं पाहिजे. ते दार अजून किलकिलंच आहे म्हणतात. पण घरोघर जाऊन पोहे गार करण्यापेक्षा त्या दाराला धक्का देणं बरं.

दार पडेपर्यंत काय करायचं, याचं उत्तर मात्र मिरजेहून आलं.

मिरजेला माझी आत्या असते, अण्णांची धाकटी बहीण. ब्याऐंशी वर्षांची आहे. दिवाळीत तिच्याकडे गेलो तेव्हा मी गॉगलची गोष्ट सांगितली. ती फडताळापाशी गेली आणि दोनशे पानी वही घेऊन आली. मोबाइलवर तिचा कधीच विश्वास नव्हता. ‘काचेवरची अक्षरं, पुसली तर?’ म्हणून तिला आवडलेला अण्णांचा प्रत्येक गुरुवार तिने नातीकडून वाचून घेऊन वहीत उतरवला होता. सगळे नव्हते, त्रेपन्न होते. तारवाला होता. पोस्टाच्या पायरीवरची म्हातारीही होती.

भाचा बरोबर होता. त्याने वही हातात घेतली. विकेंद्रित साठवणुकीवर आता तासभर ऐकावं लागणार म्हणून मी उशीला टेकलो. पण तो म्हणाला, “आजी, मी हे टाइप करून देतो. तीन-चार ठिकाणी ठेवू. एक हत्तीवरही ठेवू.”

“तिथे वाचणार कोण?” आत्याने विचारलं. तोच प्रश्न!

“मी आहे. मामा आहे.”

“आणि अण्णा?”

“अण्णाआजोबाही असतील.”

“मग मलाही घाल,” आत्या म्हणाली.

बघता बघता, विकेंद्रीकरण हा शब्द एकदाही न ऐकता, ब्याऐंशी वर्षांची बाई हत्तीवर चढली. मग तिच्यामागून माझी बहीण आली, नात आली, गॉगलवाला चुलतभाऊ आला. सौ. आली आणि पहिल्या दिवशी माझ्या तीन चुका काढल्या. आता आम्ही तिथे नऊजण आहोत. व्हॉट्सॲप कुणीही सोडलेलं नाही. भाच्याने ते मागायचंही सोडून दिलंय. गुरुवारी मात्र सगळे इकडे येतात.

आत्याचा आग्रह, की टाइप केलेल्या मजकुराबरोबर वहीच्या पानाचाही फोटो घालायचा. पहिला फोटो टाकला त्या दिवशी जर्मन गृहस्थ पुन्हा हजर. वर्णन? या वेळी मला राग आला नाही. मी आत्याला फोन लावला आणि विचारलं, फोटोत काय आहे ते न पाहणाऱ्याला कसं सांगशील? ती सांगत गेली, मी लिहीत गेलो :

‘वहीचं पान. निळी शाई. वरच्या कोपऱ्यात श्री. खाली हळदीचा डाग आहे. मजकूर माझ्या भावाचा, अक्षर माझं.’